पेन्सिलीनं माणूस काढायचा कसा? कागदाची एक पट्टी, एक ओळंबा आणि महिनाभराचा सराव

मुकुटबन : डोंगर, नदी, झोपडी आणि मागून उगवणारा सूर्य. हे चित्र झरी जामणी तालुक्यातल्या कुठल्याही शाळेतलं पोरगं डोळे मिटून काढून देईल. पण ‘बाजारात भाजी विकणारी बाई काढ’ म्हटलं की पेन्सिल अडते. डोकं मोठं होतं, हात आखूड होतात, पाय काडीसारखे दिसतात. शेजारचा हसतो, आणि ‘मला माणसं जमत नाहीत’ म्हणून वही कायमची बंद होते.

नुकसान नेमकं तिथंच होतं. कला संचालनालयाच्या शासकीय रेखाकला परीक्षेत, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटमध्ये, स्मरणचित्राचा पेपर असतो. आठवडी बाजार, बसस्थानक, शेतातलं काम, सणाचा दिवस अशा विषयांवर समोर काहीही न ठेवता चित्र काढायचं असतं. यातला एकही विषय माणसांशिवाय पूर्ण होत नाही. इंटरमिजिएट पास झालेल्या मुलाला श्रेणीनुसार दहावीला वाढीव गुण मिळतात. किती आणि कोणत्या अटींवर, ते अर्ज भरतानाच शाळेत विचारून घ्यावं. पुढं बारावीनंतर बीएफएला जायचं असेल तर राज्याच्या सीईटी कक्षाची कला प्रवेश परीक्षा असते, तिच्यातही स्मरणचित्र आहेच. विदर्भातल्या पोरांसाठी नागपूरला शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे. तिथवर जायचं तर माणूस काढता आलाच पाहिजे.

गावातल्या शाळेत चित्रकलेचे शिक्षक असतीलच असं नाही. पण माणूस काढणं हा काही ‘देवानं दिलेला हात’ असलेल्यांचाच प्रांत नाही. त्यात मोजमाप आहे आणि सवय आहे. दोन्ही घरी शिकता येतात.

सामान किती लागतं?

फार नाही. एचबी, २बी, ४बी आणि ६बी अशा चार पेन्सिली, एक चांगलं खोडरबर, कटर आणि पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा. पेन्सिलीवरच्या ‘एच’चा अर्थ कडक आणि फिकट, ‘बी’चा अर्थ मऊ आणि काळी. बीच्या मागचा आकडा जितका मोठा, तितकी पेन्सिल जास्त काळी. सुरुवातीची आखणी एचबीनं हलक्या हातानं करायची, सावली २बी-४बीनं, आणि केस, बुबुळ, गळ्याखालचा अंधार यासाठीच ६बी. बरेच जण सुरुवातच काळ्या पेन्सिलीनं दाबून करतात. मग रेष खोडली तरी कागदावर चर राहतो.

सरावाला महाग ड्रॉइंग शीट नको. महाग कागदावर हात घाबरतो. जुन्या वह्यांची कोरी पानं, छपाईच्या दुकानातले उरलेले कागद चालतात. चांगली शीट शेवटच्या चित्रासाठी ठेवावी.

कागदाची पट्टी तीनदा दुमडा

उभा माणूस डोक्याच्या मापानं मोजतात. हनुवटीपासून टाळूपर्यंतचं अंतर म्हणजे एक डोकं. मोठ्या माणसाची उंची साधारण साडेसात डोकी भरते. चित्रात सोयीसाठी आठ धरली तरी चालतात, माणूस थोडा उंचापुरा दिसतो इतकंच.

एक लांब कागदी पट्टी घ्यावी. तिची एकदा, मग दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा मधोमध घडी घालावी. उघडली की आठ सारखे भाग दिसतील. पट्टी उभी धरली की वरून खाली असं वाचायचं:

- पहिली घडी : हनुवटी
- दुसरी घडी : छातीचा मध्य
- तिसरी घडी : बेंबीच्या आसपास, हात खाली सोडला तर कोपरही इथंच
- चौथी घडी : जांघ, म्हणजे शरीराचा बरोबर मध्य
- सहावी घडी : गुडघ्याच्या आसपास
- शेवट : तळपाय

बहुतेकांची चूक चौथ्या घडीला होते. शरीराचा मध्य कमरेला आहे असं वाटतं, म्हणून पाय आखूड होतात. खरं तर निम्मा माणूस पायांतच आहे. हात खाली सोडला की बोटांची टोकं मांडीच्या मध्यापर्यंत येतात. दोन्ही हात आडवे पसरले तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर उंचीइतकंच भरतं. पटत नसेल तर घरातल्या कोणाला भिंतीला टेकवून दोरीनं मोजून पाहावं. पंजा हनुवटीपासून कपाळाच्या वरपर्यंत जातो, आणि पाऊल कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाताएवढं असतं. चित्रात हातपाय नेहमी लहान होतात, ते यामुळं सुधारतात.

लहान मुलाचं माप वेगळं. वर्षाचं बाळ साधारण चार डोक्यांचं, शाळेत नुकतंच जायला लागलेलं पोर साडेपाच ते सहाचं. मोठ्या माणसाचंच माप लहान करून काढलं तर ते लेकरू न दिसता ठेंगणा माणूस दिसतो.

मांडी घालून जमिनीवर बसलेल्या माणसाची उंची त्याच्या उभ्या उंचीच्या निम्म्याहून थोडी जास्त असते. म्हणजे भाजीवाली बसलेली आणि गिऱ्हाईक तिच्या शेजारी उभं असेल, तर तिचं डोकं गिऱ्हाइकाच्या कमरेच्या जरा खाली यायला पाहिजे. एवढं एक माप लक्षात ठेवलं तरी बाजाराचं चित्र निम्मं सुधारतं.

गवंड्याचा ओळंबा चित्रातही लागतो

भिंत सरळ आहे की नाही हे गवंडी ओळंबा लावून बघतो. माणूस उभा आहे की पडतोय, हेही तसंच बघायचं. दोऱ्याला लहानसा दगड बांधून, हात लांब करून, समोरच्या माणसावर दोरा धरायचा. माणूस एका पायावर भार देऊन उभा असेल तर गळ्याच्या खळगीतून सोडलेला दोरा भाराच्या पायाशी उतरतो. चित्रात तो दुसरीकडं गेला तर माणूस कलंडलेला दिसणारच, मग सावली कितीही छान असो.

दुसरी खूण खांद्याची आणि कमरेची. भार एका पायावर आला की त्या बाजूची कंबर वर उचलली जाते आणि त्याच बाजूचा खांदा खाली उतरतो. दोन रेषा एकमेकींच्या उलट कलतात. डोक्यावर गुंडी घेऊन चालणाऱ्या बाईकडं नीट पाहावं. मान आणि डोकं ओळंब्यासारखं सरळ असतं, सगळी हालचाल कमरेत आणि पायांत असते. चित्र काढताना मुलं मान वाकवतात, तिथंच ती गुंडी पडल्यासारखी वाटते.

दोन मिनिटांत एक माणूस

माप कळलं म्हणजे माणूस जिवंत झाला असं नाही. त्यासाठी वेगात काढायची सवय लागते. मोबाइलवर दोन मिनिटांचा टायमर लावायचा आणि तेवढ्यात समोरच्या माणसाचा पूर्ण पवित्रा उतरवायचा. डोळे-नाक नको, कपड्यावरची नक्षी नको. आधी डोक्याचा अंडाकार, मग पाठीच्या कण्याची एक रेष, खांदे आणि कंबर यांच्या दोन आडव्या रेषा, मग हातपाय. वेळ संपली की पान उलटायचं, खोडत बसायचं नाही.

मुकुटबनमध्ये यासाठी जागांची कमी नाही. रेल्वे स्टेशनवर गाडीची वाट बघत बसलेली माणसं असतात. बाजारात कोणी वाकून तोलतोय, कोणी उकिडवं बसून निवडतोय. वेचणीच्या दिवसांत कमरेला ओटी बांधून कापूस वेचणाऱ्या बाया एकच हालचाल शंभर वेळा करतात; एकदा निसटली तर पुन्हा तीच समोर येते. पोळ्याला सजवलेला बैल आणि त्याची दोरी धरलेला माणूस हा परीक्षेत सहज विचारला जाईल असा विषय दारातच उभा राहतो.

मात्र कोणाच्या तोंडासमोर वही धरून बसू नये. विशेषतः बायांचं चित्र काढायचं असेल तर आधी विचारावं. ‘शाळेचा अभ्यास आहे’ म्हटलं की बहुतेक जण हसून हो म्हणतात. नाही म्हटलं तर वही मिटायची.

उभ्या माणसांची डोकी एका रेषेत

बाजाराच्या चित्रात हमखास होणारी चूक अशी : जवळचा माणूस कागदाच्या तळाशी मोठा काढतात आणि लांबचे वरवर चढवत जातात. शेवटी मागची माणसं हवेत तरंगतात.

नियम सोपा आहे. जमीन सपाट असेल आणि बघणारा उभा असेल, तर त्याच्याच उंचीच्या सगळ्या उभ्या माणसांचे डोळे एकाच आडव्या रेषेवर येतात, मग माणूस पाच पावलांवर असो की पन्नास. फरक पायांत पडतो. जवळच्याचे पाय कागदात खाली येतात, लांबच्याचे त्या रेषेजवळ सरकतात. बघणारा जमिनीवर बसला असेल तर ती रेष सगळ्या उभ्या माणसांच्या कमरेजवळून जाईल. चित्र सुरू करण्याआधी कागदावर ही एक रेष फिकट आखून घ्यावी. पुढं किती माणसं घालायची ती घाला, गर्दी जमिनीवरच उभी राहील.

चेहरा : डोळे कपाळाच्या खाली नाहीत, मधोमध आहेत

चेहरा काढताना जवळपास प्रत्येक जण डोळे फार वर काढतो. कपाळ आणि केसांचा भाग ‘काही नाही’ म्हणून लहान होतो. खरं माप असं : टाळू ते हनुवटी यांच्या बरोबर मध्यावर डोळ्यांची रेष. समोरून पाहिलं तर डोक्याच्या रुंदीत साधारण पाच डोळे बसतात, आणि दोन डोळ्यांमध्ये एका डोळ्याएवढी जागा असते. केस जिथं सुरू होतात तिथून भुवई, भुवईपासून नाकाचा तळ, नाकाच्या तळापासून हनुवटी, हे तीन भाग जवळपास सारखे. ओठांची फट नाक आणि हनुवटी यांच्यामध्ये वरच्या एक तृतीयांशावर. कान भुवईपासून नाकाच्या तळापर्यंत.

हे माप सर्वसाधारण झालं. ओळख पटते ती मापापासून कोण किती ढळतो त्यावरून. कोणाचं कपाळ रुंद, कोणाची हनुवटी आखूड, कोणाचा एक डोळा जरा बारीक. म्हणून आधी साचा, मग फरक. फक्त साचा काढला तर सगळे भाऊ-भाऊ दिसतात.

टोपी, फेटा किंवा डोक्यावरचा पदर काढायचा असेल तर आधी आतलं डोकं पूर्ण आखावं आणि मग त्यावर कापड चढवावं. नाहीतर फेटा कपाळावर चिकटवल्यासारखा दिसतो. दात एकेक करून आखू नयेत, बत्तिशी बाहेर आल्यासारखी होते. म्हाताऱ्या माणसाच्या सुरकुत्या रेषांनी ओरखडू नयेत. सुरकुती म्हणजे लहानशी घडी, तिला एका बाजूला सावली आणि दुसऱ्या बाजूला उजेड असतो.

सावली, आणि सावळा रंग

सावलीसाठी माणसाला दारात बसवावं. घरात दिवा नसला तर उत्तमच. एका बाजूनं दाराचा उजेड आला की चेहऱ्याची एक बाजू उजळते, दुसरी अंधारात जाते आणि नाक, गाल, जबडा आपोआप उठून दिसतात. भर दुपारच्या उन्हात डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि माणूस आजारी वाटतो.

आधी कागदाच्या कडेला पाच चौकोन करून पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत पाच छटा भराव्यात. मग डोळे किलकिले करून समोरच्या चेहऱ्याकडं पाहावं. बारकावे पुसट होतात आणि उजेड-अंधाराचे मोठे तुकडेच दिसतात. तेच तुकडे आधी भरायचे. उजेड वरून येत असेल तर वरचा ओठ खालच्यापेक्षा गडद दिसतो. डोळ्यातला पांढरा भागही कागदासारखा पांढरा नसतो, वरच्या पापणीची सावली त्यावर पडते.

आपल्याकडची बहुतेक माणसं उन्हात काम करणारी, सावळी. त्यांना काढताना दोन चुका होतात. एक, सगळा चेहरा सारखाच काळा रंगवतात, मग नाक-डोळे त्यात बुडून जातात. दोन, ‘चांगलं दिसावं’ म्हणून गोरं करून टाकतात, मग माणूस ओळखूच येत नाही. सावळ्या कातडीवर उजेड जास्त ठळक चमकतो. कपाळ, नाकाचा शेंडा, गालाचं हाड इथं फिकट जागा राखून ठेवल्या आणि बाकी छटा एक-दोन पायऱ्या गडद नेल्या, की आई आईसारखीच दिसते.

बोटानं घासून सावली मऊ करायचा मोह टाळावा. बोटाचं तेल कागदावर डाग पाडतं आणि मग त्या जागी पेन्सिल नीट धरत नाही. पेन्सिलीच्या जवळ जवळ, एका दिशेच्या रेषांनीच छटा चढवावी. हाताखाली कोरा कागद ठेवला तर चित्र काळवंडत नाही.

आजोबांचा एकच फोटो असेल तर

गावात पोर्ट्रेटची मागणी बहुतेक वेळा अशीच येते. माणूस गेलेला असतो, आणि घरात ओळखपत्रावरचा एक लहान फोटो एवढंच उरतं. असं चित्र मोठं करायला चौकटींची पद्धत कामाला येते. फोटो २ इंच रुंद, ३ इंच उंच असेल तर त्याच्या झेरॉक्सवर अर्ध्या इंचाच्या चौकटी आखाव्यात. आडव्या ४, उभ्या ६, म्हणजे एकूण २४. चित्र चौपट करायचं तर कागदावर ८ बाय १२ इंचाचा आयत आखून त्यात २ इंचाच्या २४ चौकटी काढायच्या. मग एका वेळी एकच चौकट बघायची आणि तेवढीच उतरवायची. मूळ फोटोवर कधीच रेषा मारू नयेत, तो एकच असतो.

या पद्धतीनं आकार बरोबर येतो, पण फोटोत जे दिसतच नाही ते येत नाही. तिथं घरच्यांना विचारावं. कपाळावर गंध कुठं लावायचे, मिशी कशी ठेवायचे, टोपी कुठल्या बाजूला कलती असायची. काढणाऱ्याला माणूस माहीत नसतो, घरच्यांना असतो. त्यांच्यासमोर कच्चं चित्र ठेवून एकदा दुरुस्ती करून घेतली, तरच पक्कं करावं.

मोबाइल : मदत कुठं, फसवणूक कुठं

मोबाइल जवळ धरून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान लहान होतात. पोर्ट्रेटसाठी फोटो घ्यायचा तर सहा-सात फूट लांब उभं राहून झूम करावं. फोटोचं चित्र करून देणारी अ‍ॅप आहेत, पण परीक्षेच्या वर्गात ती नसतात आणि हातालाही त्यातून काही शिकायला मिळत नाही. स्क्रीनवर कागद ठेवून गिरवणंही तसंच.

खरा उपयोग चुका शोधायला आहे. काढलेल्या चित्राचा फोटो घ्यायचा आणि गॅलरीत तो डावा-उजवा उलटा करायचा. आपल्याच डोळ्याला सवय झालेला वाकडा जबडा, खाली-वर झालेले डोळे एका क्षणात दिसतात. मोबाइल नसला तर आरशासमोर चित्र धरावं.

मोठ्यांचे मॉडेल घरातलेच

सावंतवाडीत १८८२ साली जन्मलेले चित्रकार स. ल. हळदणकर मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. हातात समई धरलेल्या स्त्रीचं त्यांचं जलरंगातलं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. अनेक जण ते राजा रविवर्म्याचं समजतात. त्या चित्रासाठी उभी राहिली होती त्यांची मुलगी गीता. अलीकडचे वासुदेव कामत यांना २००६ मध्ये अमेरिकेतल्या पोर्ट्रेट सोसायटीचा मोठा पुरस्कार मिळाला, तो त्यांनी काढलेल्या स्वतःच्या पत्नीच्या चित्राला. कोल्हापूरचे म. वि. धुरंधर १८९० मध्ये जे. जे. मध्ये गेले, तिथंच शिकवायला लागले आणि तिथल्या ४१ वर्षांच्या आठवणींचं पुस्तकही त्यांनी लिहिलं. मॉडेल शोधायला लांब जावं लागत नाही. चुलीपाशी बसलेली आई, खाटेवर पेपर वाचणारे आजोबा, अभ्यास करता करता झोपलेला लहान भाऊ. झोपलेला माणूस तर हलतही नाही.

महिनाभराचा सराव

- पहिला आठवडा : रोज पट्टीच्या मापानं दोन उभी माणसं, एक मोठं, एक लहान. सोबत दोन मिनिटांची पाच चित्रं.
- दुसरा आठवडा : बसलेली, वाकलेली, ओझं उचललेली माणसं. प्रत्येकाला ओळंबा लावून बघायचा.
- तिसरा आठवडा : चेहरा. तीन दिवस फक्त साचा, चार दिवस घरातला एकच माणूस, समोरून आणि बाजूनं.
- चौथा आठवडा : दिवसा बाजार किंवा स्टेशन नीट बघून यायचं, रात्री वही न उघडता आठवायचं आणि सकाळी त्याचं स्मरणचित्र काढायचं. डोळ्यांची आडवी रेष आधी.

रोज अर्धा तास पुरे. रविवारी एकदम चार तास बसण्यापेक्षा रोजचा अर्धा तास हाताला जास्त शिकवतो. प्रत्येक पानावर तारीख टाकावी आणि पहिल्या दिवसाचं पान फाडू नये. महिन्यानं ते शेवटच्या पानाशेजारी ठेवलं की आणखी कोणाला ‘जमतंय का?’ असं विचारायची गरज राहत नाही.